जीपीए कमी, तरी लॉ स्कूल: अमेरिकेत अर्ज करणाऱ्यांसाठी वाटचाल

अमेरिकेतलं लॉ स्कूल तुमच्या अर्जात सगळ्यांत आधी दोन आकडे पाहतं: पदवीचा जीपीए (साधारण ४च्या पट्टीवरची ग्रेडची सरासरी) आणि एलसॅट या प्रवेश परीक्षेचे गुण. पहिला आकडा २.८, ३.० किंवा ३.१ असा अडखळलेला असला, की घरात हा विषयच कुणी काढत नाही. मला ती शांतता माहीत आहे. माझा जीपीए २.९१ होता. पहिली दोन वर्षं मी झेपत नसलेल्या रसायनशास्त्रात घालवली, विषय बदलेपर्यंत नुकसान होऊन गेलं होतं, आणि शेवटच्या वर्षाच्या चांगल्या ग्रेडसुद्धा ते भरून काढू शकल्या नाहीत. पुढे मला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. त्या वाटेवर जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

हा लेख जेडी या वकिलीच्या तीन वर्षांच्या मूळ पदवीबद्दल आहे. भारतातून एलएलबी करून इथे एक वर्षाचं एलएलएम करायला येणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे, त्यांनी हे आकडे मनावर घेऊ नयेत. भारतातली बीए, बीकॉम किंवा इंजिनिअरिंगची पदवी घेऊन जेडीला अर्ज करणाऱ्यांसाठी पुढे एक स्वतंत्र परिच्छेद आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. कमी जीपीए असलेल्याने पदवी हातात पडली म्हणून त्याच वर्षी अर्ज करू नये. ग्रेड आता बदलणार नाहीत. एलसॅट, नोकरी, शिफारसपत्रं, अर्ज कधी जातो ते, हे सगळं मात्र बदलू शकतं, आणि प्रत्येकाला वेळ लागतो. ज्याचा जीपीए ३.९ आहे त्याला घाई परवडते. आपल्याला नाही.

आधी आपला खरा जीपीए काढा

कॉलेजच्या पोर्टलवर दिसतो तो आकडा लॉ स्कूल वापरत नाही. एलसॅक ही संस्था एलसॅट घेते आणि तीच तुमच्या सगळ्या ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रिका, गोळा करून स्वतःच्या पद्धतीने जीपीए नव्याने मोजते. पहिली पदवी मिळेपर्यंत तुम्ही जिथे जिथे क्रेडिट घेतले, ते सगळं त्यात येतं: हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला कोर्स, उन्हाळ्यात दुसऱ्या विद्यापीठात घेतलेला विषय, सगळं.

अनेकांना इथे धक्का बसतो. नापास झालेला विषय पुन्हा देऊन तुम्ही ए मिळवला आणि कॉलेजने जुनी ग्रेड हिशेबातून काढून टाकली, तरी ती ट्रान्सक्रिप्टवर दिसत असेल तर एलसॅक दोन्ही धरते. माझा आकडा असाच खाली आला. उलट बाजूही आहे. तुमचं कॉलेज ए प्लस देत असेल तर एलसॅक ती ४.३३ धरते, म्हणजे काहींचा आकडा वरही जातो. वेळेत सोडलेल्या विषयापुढे लागणारा डब्ल्यू (विथड्रॉ) हा शेरा, तो दंड म्हणून दिलेला नसेल तर, मोजला जात नाही.

अजून पदवी पूर्ण झाली नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून कागद-पेन घ्या. समजा ९० क्रेडिट झाले आहेत आणि जीपीए २.९ आहे. उरलेल्या ३० क्रेडिटमध्ये सरसकट ए मिळाले, तर एकूण आकडा जवळजवळ ३.१८ होतो. हा फरक लहान नाही, आणि तो पदवी मिळेपर्यंतच शक्य आहे. म्हणून लवकर पदवीधर होण्याची हौस सोडा, शेवटच्या वर्षी झेपतील आणि आवडतील असेच विषय घ्या, परवडत असेल तर एखादं सत्र वाढवा. पदवीनंतर घेतलेले कोर्स या आकड्यात येत नाहीत. मास्टर्सच्या ग्रेडही येत नाहीत. नुसता जीपीए झाकायला मास्टर्स करू पाहणाऱ्यांना मी नेहमी थांबवते. त्या विषयाची खरी ओढ असेल तरच त्यात पैसे घाला.

भारतीय पदवी असेल तर चित्र बरंच वेगळं आहे. अमेरिका आणि कॅनडाबाहेरच्या पदवीसाठी एलसॅक ४.०च्या मापातला आकडा देतच नाही. ट्रान्सक्रिप्टचं मूल्यमापन करून उत्तम, सरासरीच्या वर, सरासरी, सरासरीखाली अशा अर्थाचा एक शेरा देते. लॉ स्कूलला तो आकडा कुठे छापायचा नसल्याने तुमच्या ५४ टक्क्यांचं ओझं तुम्हाला वाटतं त्याहून हलकं असतं, आणि एलसॅटचं वजन आणखी वाढतं. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका मागवायला मात्र किती दिवस जातील हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ते काम सगळ्यांत आधी सुरू करा.

मीडियन समजून घ्या, मग यादी करा

अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेल्या प्रत्येक लॉ स्कूलला दरवर्षी १५ डिसेंबरपर्यंत एक ठरावीक माहितीपत्रक जाहीर करावं लागतं. नियमाच्या क्रमांकावरून सगळे त्याला ५०९ रिपोर्ट म्हणतात. कॉलेजच्या वेबसाइटवर तो असतो, फुकट असतो, आणि माझ्या मते महागड्या सल्लागाराच्या पहिल्या दोन भेटींपेक्षा जास्त उपयोगी असतो. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचे जीपीए आणि एलसॅट त्यात तीन टप्प्यांत दिलेले असतात: २५वा पर्सेंटाइल, ५०वा म्हणजे मीडियन, आणि ७५वा.

मीडियन म्हणजे सरासरी नव्हे, आणि आपली सगळी आशा याच फरकात आहे. वर्गातल्या १०१ जणांना जीपीएच्या क्रमाने ओळीत उभं केलं, तर ५१व्या विद्यार्थ्याचा जीपीए हा मीडियन. आता मीडियन ३.६ असलेल्या कॉलेजने ३.५चा विद्यार्थी घेतला काय आणि २.९चा घेतला काय, ओळीतला मधला माणूस सारखाच सरकतो. सरासरी असती तर २.९ने ती जास्त ओढली असती. मीडियनला किती खाली आहात हे कळत नाही, फक्त खाली आहात एवढंच कळतं. रँकिंगमध्ये हे मीडियन मोजले जातात, म्हणून कॉलेज त्यांना जपतं.

मग कॉलेज जीपीएच्या मीडियनखालच्या कुणाला घेईल? जो दुसरा मीडियन वर उचलतो त्याला. एक आकडा मीडियनच्या वर आणि दुसरा खाली असलेल्या अर्जदाराला इथे स्प्लिटर म्हणतात. तुम्हाला स्प्लिटर व्हायचं आहे.

एक काल्पनिक कॉलेज घेऊ. एलसॅट १५६, १६०, १६३. जीपीए ३.३५, ३.६५, ३.८२. तुमच्याकडे २.९ आणि १५८ असेल, तर तुम्ही दोन्ही बाजूंनी खाली आहात आणि अर्ज कितीही सुंदर लिहिला तरी दार उघडणं कठीण. तेच २.९ आणि १६४ असेल, तर तुम्ही त्यांच्या ७५व्या पर्सेंटाइलच्याही वर आहात. आता समितीला तुमची फाइल वाचायचं कारण आहे. वाचताना त्यांच्या मनात एकच प्रश्न असेल: याला किंवा हिला अभ्यास झेपेल का? बाकीचा अर्ज म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर.

यादी करताना एलसॅटच्या ७५व्या पर्सेंटाइलच्या वर आहात अशी चार-पाच, मीडियनच्या आसपास आहात अशी चार-पाच, आणि मनापासून हवीत अशी दोन-तीन कॉलेजं घ्या. जॉर्जटाउन, फोर्डम अशा काही ठिकाणी संध्याकाळचे अर्धवेळ जेडी वर्गही आहेत. ते साधारण चार वर्षं चालतात, आणि नोकरी सांभाळणाऱ्याने ते जरूर तपासावेत.

एलसॅट: इथे जीव ओता

गुण १२० ते १८० या पट्टीवर मिळतात. ऑगस्ट २०२४पासून परीक्षेतली लॉजिक गेम्स गेली. आता ३५-३५ मिनिटांचे चार भाग असतात: त्यांतले गुण धरले जाणारे तीन म्हणजे लॉजिकल रीझनिंगचे दोन आणि रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा एक. चौथा भाग प्रायोगिक असतो, पण तो कुठला हे तुम्हाला सांगत नाहीत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. निबंध वेगळा लिहावा लागतो. त्याला गुण नाहीत, पण कॉलेजं तो वाचू शकतात.

पाठांतराचा इथे उपयोग नाही. प्रश्न साधारण असा असतो: कचेरीत नवं कॉफी मशीन आल्यापासून कर्मचारी वेळेवर येऊ लागले, म्हणून मशीनमुळे शिस्त सुधारली. या युक्तिवादातली खोट कोणती? त्याच महिन्यात हजेरीचा नियम बदलला असेल तर? एका पाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींना कारण आणि परिणाम मानणं, 'काही'वरून 'सगळे' ठरवणं, आवश्यक अट आणि पुरेशी अट यांची गल्लत करणं, अशा पंधरा-वीस खोटी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या कपड्यांत येतात. ओळख वाढली की वेग आपोआप वाढतो.

अभ्यासाची माझी पद्धत सांगते. पहिल्याच दिवशी, काहीही न वाचता, वेळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा द्या. एलसॅकच्या लॉहब या संकेतस्थळावर काही खऱ्या परीक्षा विनाशुल्क आहेत. माझे पहिल्या खेपेला १४९ आले होते, आणि त्या रात्री मी खूप रडले. तो आकडा कुणालाही पाठवायचा नसतो, तो फक्त सुरुवातीची खूण असतो. पुढचे दोन महिने घड्याळ बंद ठेवून प्रश्न सोडवा. घड्याळ नंतर आणा.

आणि चुकांची वही ठेवा. ही वही म्हणजे निम्मा अभ्यास. 'बरोबर उत्तर सी होतं' एवढं लिहून काही साधत नाही. मला बी का आवडलं, त्यातल्या कुठल्या शब्दाने मला फसवलं, आणि सीवर मी फुली का मारली, ही तीन वाक्यं प्रत्येक चुकीला लिहा. तीन आठवड्यांत तुमच्या चुकांना चेहरा येतो. मला कळलं की 'बहुतेक' आणि 'काही' या शब्दांवरून मी घाईने पुढे जाते. ते कळल्यावर चार महिने अडलेला आकडा हलला. सराव परीक्षा रोज देऊ नका. आठवड्याला एक पुरे, बाकीचे दिवस तिची चिरफाड करण्यात घालवा.

नोकरी करत असाल तर सहा ते नऊ महिने धरून चाला. सलग चार-पाच सराव परीक्षांचे गुण हव्या त्या पातळीवर स्थिरावले नाहीत, तर तारीख पुढे ढकला. सध्याच्या नियमाने ज्या काळातले गुण कॉलेजांना कळवले जातात त्या काळात पाच वेळा आणि आयुष्यात एकूण सात वेळा परीक्षा देता येते. कॉलेज आपल्या आकडेवारीत तुमचे सर्वोच्च गुण धरतं, म्हणून दुसऱ्यांदा बसण्याची लाज बाळगू नका. अनेक कॉलेजं एलसॅटऐवजी जीआरईही स्वीकारतात, पण आपल्यासारख्यांना मी तो मार्ग सुचवत नाही. जीआरईचे गुण ५०९ रिपोर्टमध्ये वेगळे दाखवले जातात, त्यामुळे त्यांनी कॉलेजचा एलसॅट मीडियन वर जात नाही, आणि आपलं बळ नेमकं तिथेच असतं.

परीक्षेचं आणि अर्जांचं शुल्क जड जात असेल तर पैसे भरण्याआधी एलसॅककडे शुल्कमाफीचा अर्ज करा. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही ठरावीक गटांना उत्पन्नाच्या निकषावर ती मिळते. अनेक कॉलेजं मागितल्यावर स्वतःचं अर्जशुल्कही माफ करतात. आपल्याकडे असं मागायची सवय नसते. मागा.

ॲडेंडम आणि स्टेटमेंट यांची गल्लत करू नका

पर्सनल स्टेटमेंट म्हणजे तुम्ही कोण आहात याचा दोन पानांचा लेख. जीपीए ॲडेंडम म्हणजे ग्रेड का घसरल्या याचा अर्ध्या पानाचा खुलासा. कमी जीपीए असणाऱ्याला मोह होतो की स्टेटमेंटमध्येच सगळी कहाणी सांगून टाकावी. मग दोन पानं माफीत जातात आणि वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त तुमचा जीपीए राहतो. स्टेटमेंटमध्ये ग्रेडचा उल्लेखही नको.

ॲडेंडममध्ये चार गोष्टी हव्यात: काय झालं, कधी झालं, काय बदललं, आणि बदलल्याचा पुरावा काय. साधारण असा, अर्थात इंग्रजीत:

'दुसऱ्या वर्षाच्या फॉल सत्रात वडिलांचं ऑपरेशन झालं आणि मी आठवड्याला तीस तास दुकानात काम करू लागलो. त्या दोन सत्रांत माझा जीपीए २.३ होता. तिसऱ्या वर्षी कामाचे तास कमी केले. त्यानंतरच्या चार सत्रांचा जीपीए ३.६ आहे.'

झालं. विशेषणं नाहीत, विनवणी नाही. आजारपण, घरातले ताण, नैराश्य यांबद्दल लिहायला आपल्या घरांतून विरोध होतो, 'घरातल्या गोष्टी बाहेर कशाला' म्हणून. किती सांगायचं ते तुमच्या हातात आहे, एक वाक्यही पुरतं. पण ग्रेड का पडल्या याचं खरं कारण असताना ते लपवलं, तर समिती आळस हेच कारण धरून चालते. आणि कारण साधं असेल, चुकीचा विषय निवडला किंवा अभ्यासच केला नाही, तर तेही सरळ लिहा. मी तसंच लिहिलं होतं: विषय चुकला, बदलायला उशीर केला, बदलल्यावर ग्रेड सुधारल्या. प्राध्यापकांना दोष देणारं एकही वाक्य नको.

शिस्तभंग, प्रोबेशन, अटक यांबद्दल अर्जात विचारलं असेल तर पूर्ण आणि खरं उत्तर द्या. तीन वर्षांनी वकिलीच्या परवान्यासाठी चारित्र्याची तपासणी होते, तेव्हा हाच अर्ज पुन्हा समोर येतो. लहान चुकीपेक्षा ती लपवणं फार महाग पडतं.

नोकरी आणि शिफारसपत्रं

पदवीनंतरची एक-दोन वर्षं कुठे काम केलं याला वकिली कचेरीचीच अट नाही. मी एका विमा कंपनीत दाव्यांच्या फायली वाचत होते. एका वाक्याच्या दोन अर्थांवरून कुणाला पैसे मिळत आणि कुणाला मिळत नसत. माझं स्टेटमेंट तिथूनच आलं. नोकरी अशी हवी, की तुम्ही वेळेवर, नीट आणि जबाबदारीने काम करता असं उदाहरणासकट लिहिणारं कुणी तुम्हाला भेटेल. 'याला अभ्यास झेपेल का' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

दुसरं अर्धं उत्तर प्राध्यापकांचं. ज्यांच्या वर्गात तुम्ही चांगलं लिहिलं, किंवा सुरुवातीला धडपडून मग सावरलात, त्यांना विचारा. मोठं नाव शोधू नका. विचारताना स्वतःचा एखादा जुना निबंध, बायोडेटा आणि कुठल्या तारखेपर्यंत पत्र हवं ते सोबत द्या. आधी विचारा, 'तुम्ही माझ्याबद्दल ठामपणे चांगलं लिहू शकाल का?' ते घुटमळले तर आभार मानून दुसऱ्या कुणाकडे जा.

अर्ज कधी पाठवायचा

बहुतेक कॉलेजं सप्टेंबरच्या सुमारास अर्ज घ्यायला लागतात आणि आलेले अर्ज वाचत वाचतच जागा भरतात. अंतिम तारीख फेब्रुवारीत किंवा त्याहीनंतर असली तरी तोवर जागा आणि शिष्यवृत्तीचे पैसे बरेच संपलेले असतात. म्हणून शेवटची एलसॅट जून किंवा ऑगस्टमध्ये, ट्रान्सक्रिप्ट आणि पत्रं सप्टेंबरपर्यंत एलसॅककडे, आणि अर्ज ऑक्टोबरमध्ये. गुण वाढवायची खरी शक्यता असेल, तर मार्चमध्ये अर्ज रेटण्यापेक्षा एक वर्ष थांबा. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं. प्रवेश मिळाला तर जावंच लागतं, आणि शिष्यवृत्तीची घासाघीस करायची संधी जाते, म्हणून खूप विचार करून त्यावर खूण करा.

वेटलिस्टवर नाव आलं तर एका पानाचं पत्र पाठवा: अजूनही यायचं आहे, आणि मधल्या काळात अमुक नवीन घडलं. जून-जुलैतही नावं वर सरकतात.

कुठल्या प्रवेशाला नाही म्हणायचं

कमी जीपीएवाल्याला 'हो' ऐकायची इतकी आस असते की कुठलंही पत्र आलं तरी डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवशी सही करू नका. आधी तीन गोष्टी बघा.

बारचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेचा, निकाल. मान्यताप्राप्त कॉलेजातून पदवी घेऊन बारला बसणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावेत असा नियम आहे. या रेषेला घासून जाणाऱ्या कॉलेजपासून जपा, आणि मान्यताच नसेल तर बहुतेक राज्यांत बारला बसणंच अवघड होतं.

नोकऱ्या. पदवीनंतर दहा महिन्यांनी किती जण पूर्णवेळ, दीर्घ मुदतीच्या आणि वकिलीचा परवाना लागतो अशा कामात आहेत, तो आकडा कॉलेजला जाहीर करावा लागतो. 'नोकरीला लागले' या एकूण आकड्याकडे पाहू नका, हा आतला आकडा शोधा.

पैसे. २०२५च्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद केलं. आता जेडीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर या मर्यादेत मिळतं, वरचं खाजगी कर्ज किंवा घरचे पैसे. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज नाहीच. शिष्यवृत्तीच्या पत्रात 'अमुक जीपीए राखल्यास' अशी अट आहे का ते वाचा. लॉ स्कूलमध्ये ग्रेड ठरावीक वक्ररेषेवर वाटल्या जातात, त्यामुळे सगळ्यांनी मेहनत केली तरी काहींची शिष्यवृत्ती जातेच. किती जणांची गेली हेही त्याच ५०९ रिपोर्टमध्ये असतं. पहिल्या वर्षानंतर वरच्या कॉलेजात बदली घेऊ, या भरवशावर कुठेही प्रवेश घेऊ नका.

दोन कॉलेजांकडून पत्र आलं असेल, तर कमी पैसे देणाऱ्याला नम्र ईमेल लिहा. दुसऱ्या कॉलेजचं पत्र सोबत जोडा, यायची इच्छा खरी आहे हे सांगा आणि नेमकी रक्कम मागा. अनामत भरायच्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी हा ईमेल गेला पाहिजे. मी तो लिहायला चार दिवस घाबरत होते. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, आणि वर्षाला आठ हजार डॉलर वाढले.